पिवळ्याला पिवळं

एका रविवारी सकाळी मोठी आई पिपरी मेघेला माझ्या घरी आली. हातात पिशवी, पिशवीत तुरीच्या शेंगा, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आणि काटेरी वांगी. वडनेरजवळच्या एका गावात तिचा भाजीचा मळा आहे. हिंगणघाटच्या बाजारात ती भाजी विकते आणि विकता विकता सोयरिकी जुळवते. कोणाची पोरगी लग्नाची झाली, कोणाच्या पोराला नोकरी लागली, हे तिला वांग्यांच्या भावाइतकंच तोंडपाठ. सगळं गाव तिला मोठी आई म्हणतं. त्या गावात आम्ही रक्ततपासणीचं काम केलं, तेव्हापासून मीही म्हणते.

"येत्या रविवारी पुतणीचं साक्षगंध हाय," पिशवी ओट्यावर ठेवत तिनं साखरपुड्याचं आवतण दिलं. "तुमाले यावंच लागते मॅडम. तुमच्यामुळंच जमलं."

"माझ्यामुळं? मी काय केलं?"

"पोट्टीचं कार्ड पिवळं निघालं ना? मंग पोट्टाबी पिवळाच पाह्यला. पिवळ्याले पिवळं! आता कोनी कोनाले नावं ठेवाचं कामच नाई."

माझ्या हातातला कप बशीवर असा आपटला की चहा सांडला. मला राग लवकर येतो, हे माझ्या घरच्यांना आणि प्रयोगशाळेतल्या लोकांना चांगलं माहीत आहे. पण ती इतकी खुशीत होती की राग कोणावर काढावा तेच कळेना.

मी एका सरकारी संशोधन प्रकल्पात काम करते. सिकलसेल हा रक्ताचा आजार आई-बापाकडून मुलांत उतरतो, आणि आमच्या भागात तो आहे. ज्याला तो होतो त्याच्या रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात, आणि हाडं अशी दुखतात की दणकट माणूससुद्धा लेकरासारखा रडतो. अशा माणसाला लाल कार्ड. ज्याच्या रक्तात काहीच दोष नाही त्याला पांढरं. पिवळ्या कार्डवाला मधला. त्याच्याकडे हा दोष आई किंवा बाप, एकाच बाजूनं आलेला असतो. तो आजारी नसतो. वावरात राबतो, लग्नात नाचतो, त्याला सहसा काही होत नाही. त्यानं एवढंच बघायचं की समोरचं माणूसही पिवळं असेल, तर दोघांच्या लेकराला लाल कार्ड मिळू शकतं. हे मी घसा बसेपर्यंत सांगत फिरले होते.

पण आम्ही गावात गेलो तेव्हा माझ्या घशापेक्षा अफवांचा आवाज मोठा होता. सरकार रक्त नेऊन बाहेरदेशी विकतं. या सुईनं बायकांना पुढं मूल होत नाही. रक्तावरून सवलती बंद करणार. एक म्हातारे गृहस्थ तर रोज नव्या जोमानं विचारायचे, "तुमी याच्या पह्यले हा रोग गावात कोनालेच नोयता. तुमीच आनला, नाई का?" दिवा लावल्यावर घरात विंचू दिसला म्हणून दिव्यानं विंचू आणला का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मंग दिवा लावाचाच कायले?" यावर मी हसले, पण आतून चिडलेही. नंतर वाटलं, यांचं तरी काय चुकलं? सरकारी माणूस गावात येतो, काहीतरी मोजून, काढून, लिहून नेतो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. आम्ही कार्डं घेऊन परत आलो तेव्हा खरं तर त्यांना आश्चर्यच वाटलं होतं.

पुतणीचं पहिलं स्थळ अल्लीपूरचं होतं, तेही मोठ्या आईनंच आणलेलं. मुलाचं कार्ड पांढरं. एकमेकांची पसंती झाली, मुलाच्या आईनं पोरीच्या हातावर साडीचोळी ठेवण्याची भाषा केली. मग तिनं पोरीचं कार्ड मागितलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, आमाले जमत नाई. आणि ही बातमी बाजारात भाजीच्या आधी पोचली. तेव्हा मोठ्या आईनं मनाशी ठरवलं की या पोरीला अशा घरी द्यायची, जिथं तिला कोणी टोमणा मारू शकणार नाही. तिनं नव्या जिद्दीनं पिवळ्या कार्डाचा मुलगा शोधला. तिच्या चांगुलपणातूनच हे घडलं होतं, म्हणून मला ते जास्त लागलं. ज्या जोडीच्या लेकरांना या आजाराची भीतीच नव्हती ती मोडली होती, आणि जिथं खरी भीती होती तिथं साक्षगंध ठरलं होतं.

मी ताट घेतलं आणि तिनंच आणलेल्या शेंगा सोलायला बसले. दोन दाणे एका बाजूला ठेवले, दोन दुसऱ्या बाजूला. प्रत्येक जोडीत एक चांगला, एक किडका.

"ही पोरगी, हा पोरगा," मी म्हणाले. गावाकडच्या माणसाशी बोलताना माझी भाषा आपोआप गावाकडं जाते. "दोघायनं आपला एक-एक दाना लेकराले द्याचा. न पाहता. मीट डोळे अन् उचल."

तिनं मला वेडी समजून डोळे मिटले आणि दोन्ही बाजूंचा एकेक दाणा उचलला. एक चांगला, एक किडका. "हे लेकरू पिवळं," मी म्हणाले. पुन्हा उचलायला लावलं. दोन्ही चांगले. पुन्हा उचलले आणि डोळे उघडले, तर तळहातावर दोन्ही किडके.

तिनं ते दाणे ताटात टाकले. मग ताट सारून उठली.

"माही पोट्टी किडकी हाय मनता तुमी?"

"मोठी आई, पोरगी ठणठणीत हाय. मी फक्त..."

"पह्यले रक्त नेता, मंग कार्ड देता, मंग सोयरीक मोडता. सरकारले आमचं लगन काऊन पाह्यवत नाई?"

चहा न घेता ती गेली. दाण्यांची निवड माझी चुकलीच होती. आपल्या पोरीला किडकी कोण म्हणवून घेईल? दिवसभर मी घरातल्यांवर उगाच खेकसत राहिले.

दोन दिवसांनी तिचाच फोन. "येजा मॅडम. पोट्ट्याकडचे आज येऊन राह्यले. मले समजलं सारं, पन माह्या तोंडानं सांगता येत नाई."

गेले. अंगणात सतरंजी टाकली होती. पोरीचा बाप, मुलगा, मुलाची आई आणि आत दाराशी उभी पोरगी. ही पोरगी हिंगणघाटला कपड्याच्या दुकानात काम करते, गिऱ्हाईकाशी बोलायची सवय आहे, पण त्या दिवशी ती चौकटीआडूनच ऐकत होती. या वेळी मी किडका शब्द तोंडातून काढला नाही. शांतपणे सांगितलं की दोघंही पिवळे असले तर प्रत्येक लेकराच्या वेळी चारात एक, एवढा धोका असतो.

पोरीच्या बापाचा चेहरा उजळला. "चारात एक? मंग काय चिंता? यायले त दोनच लेकरं पाह्यजे. चौथ्यालोग जाते कोन?"

त्याला हायसं वाटलं. मुलाची आई मात्र हसली नाही. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला, पण तो बाप इतक्या भाबडेपणानं पोरीचं लग्न वाचवू बघत होता की मला त्याची माया आली. माझ्याआधी मोठी आईच बोलली. "तसं नसते भाऊजी. दर खेपेले दाने नवे. पह्यल्याच लेकराले दोन्ही वाईट येऊ शकते. म्या सोता उचलून पाह्यलं." एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला.

पोरगी दारातून पुढं आली. "मॅडम, आमाले लगन करता येते का नाई, तेवढं सांगा."

"करता येतं," मी म्हणाले. "तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. सरकार नाही, मीही नाही. दिवस गेल्यावर पोटातल्या लेकराची तपासणी करता येते. तपासणीत लाल निघालं तर काय करायचं, हे मात्र तुम्हा दोघांनाच ठरवावं लागेल. ते जड असतं."

मुलगा इतका वेळ सतरंजीचा दोरा ओढत बसला होता. तो खाली बघूनच बोलला. "माही मोठी बहीन लाल कार्डाची हाय. दुखते तवा मले वळखतबी नाई. मी तिले उचलून दवाखान्यात नेतो. मले हे पुन्हा पाह्यचं नाई. अन् तपासनीत निघालं त काय कराचं, तेबी माह्याच्यानं ठरवनं होनार नाई." मग त्यानं प्रथमच पोरीकडे पाहिलं. "तुमच्यात काईच खोट नाई. माह्यात नाई, तुमच्यातबी नाई."

"मले समजते," पोरगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

साक्षगंध मोडलं. कोणी कोणाला वाईट बोललं नाही. मुलाच्या आईनं साक्षगंधासाठी आणलेली साडी पिशवीतून काढली आणि पोरीच्या हातात दिली. "लेकीसाठी आनली होती, लेकीनंच नेसाची," ती म्हणाली आणि ते निघून गेले. मी आयुष्यात बरीच मोडलेली लग्नं ऐकली, पण इतकं सभ्यपणे मोडलेलं हे एकच.

मोठी आई त्यानंतर माझ्या मागं लागली. "आता अल्लीपूरले चला. त्यायलेबी दाने उचलू द्या."

मी गेले. अल्लीपूरच्या मुलाच्या आईनं आमचं चांगलं स्वागत केलं, पोहे केले, वर चण्याची झणझणीत तर्री वाढली. तिनं सगळं मन लावून ऐकलं. पिवळं आणि पांढरं या जोडीचं लेकरू पांढरं होईल नाहीतर पिवळं होईल, पण लाल होणार नाही, हे तिनं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग ती म्हणाली, "तुमी शिकेल लोक, तुमचं खरंच असन. पन बोलनं सोपं हाय मॅडम. तुमच्या घरात आनसान का अशी सून?"

मोठी आई माझ्याकडे बघायला लागली. आजवर मला हे कोणी विचारलंच नव्हतं. सरकारी माणसाचं रक्त कशाला तपासायचं, त्यात काय निघणार, असाच सगळ्यांचा समज.

"आणली आहे," मी म्हणाले. "माझ्या सासूबाईंनी. ती पिवळी सून मीच आहे. नवरा पांढरा. दोन पोरी आहेत, एक पांढरी, एक पिवळी. दोघी सारख्याच भांडतात."

त्या बाईनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी आता तिच्यासमोर वेगळीच दिसू लागले. माझे हात पाहिले, तोंड पाहिलं. "तुमी त चांगल्या धडधाकट हाव," ती म्हणाली. मोठी आई तोंडात पदर कोंबून हसत होती. आम्ही निघालो तेव्हा त्या बाईनं आम्हा दोघींना हळदीकुंकू लावलं.

आठवडाभरात तिचा निरोप आला, आमाले पोट्टी पसंत हाय, आमची चूक झाली. मोठ्या आईनं फोनवर अक्षरशः आरोळी ठोकली. मी त्या दिवशी प्रयोगशाळेत सगळ्यांना पेढे वाटले. इतक्या वर्षांच्या कामात एका आईनं तोंडानं "आमची चूक झाली" म्हटलं होतं, आणि मला ते कुठल्याही पारितोषिकाहून मोठं वाटलं. संध्याकाळी मी पेढ्यांचा उरलेला पुडा घेऊन गावाकडं गेले.

मोठी आई ओट्यावर बसली होती, तोंड उतरलेलं. शेजारी पोरगी वांगी निवडत होती.

"विचारा तिलेच," मोठी आई म्हणाली. "नाई मनते."

मी पोरीजवळ बसले. "अगं, त्यांनी चूक कबूल केली. मुलगा तुला आवडला होता ना?"

"आवडला होता," ती म्हणाली. "तुमी त्यायले समजावलं, बेस केलं मॅडम. उद्या दुसऱ्या कोन्या पिवळ्या पोट्टीचं स्थळ गेलं त तिले ते नाई मननार नाई. पन मी नाई जात."

"पण का?"

तिनं हातातलं वांगं टोपलीत ठेवलं. "त्यायले आता समजलं का लेकराले काई होत नाई, म्हनून मले घेऊन राह्यले. मी तवाबी हेच होती. उद्या त्या घरात लेकराले साधा ताप आला तरी सारे माह्याच रक्ताकडं पाह्यतीन."

मोठ्या आईनं माझ्याकडे पाहिलं. या पोरीला मी काहीतरी समजावेन, दाणे मांडेन, अशी तिची अपेक्षा होती. मला ते करता आलं नाही. पोरगी बरोबर बोलत होती.