पाय वर ठेवायला सांगितलंय

लग्न होऊन मी सूर्यमाळच्या पाड्यावर आले, तेव्हापासून सासूच्या उजव्या पोटरीवर निळ्या शिरांचा गुंता बघत होते. दिवस कलला की तिचा पाय जड व्हायचा. मग ती चुलीपाशी बसून घोट्याजवळची काळवंडलेली कातडी खाजवत राहायची. "पानी वाहून वाहून झालाय," एवढंच म्हणायची. त्याला दुखणं असं आम्ही कुणीच समजत नव्हतो.

उन्हाळ्यात आमची विहीर आटते आणि उताराखालच्या झऱ्यावर जावं लागतं. गेल्या वैशाखात तिथं पाळीची वाट बघत उभ्या असताना सासूनं एका पायानं दुसरा पाय खाजवला आणि घोट्यातून रक्ताची बारीक चिळकांडी उडाली. तिला दुखलंही नाही. ती नुसती पायाकडे बघत उभी राहिली. मी ओढणी गुडघ्याखाली आवळून बांधली, तर रक्त आणखीच वाहू लागलं.

पाळीत मागे घरोघर औषधं देणारी आमच्या पाड्याची आशाताई होती. ती धावत आली. "सोड ते आधी! निजव तिला, पाय वर धर." फडक्याची घडी करून तिनं जखमेवर दाबून धरली, अजिबात उचलून बघितली नाही. रक्त थांबलं तेव्हा सासू म्हणाली, "माझा हंडा कुणी भरला का?"

जीप करून जव्हारच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, समजावून सांगणारी. "पायातलं रक्त वर चढायचं असतं, मावशी. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांत बारीक झडपा असतात. तुमच्या झडपा सैल झाल्यात. रक्त खालीच साचतं, शिरा फुगतात."

"आमच्या पाड्यावरच्या नळासारखाच," सासू म्हणाली. "पानी वर चढतच नाय."

बाई हसली, पण पुढचं सांगताना तिचा आवाज उतरला. फार वेळ एका जागी उभं राहायचं नाही. जड उचलायचं नाही. बसताना पाय उंच ठेवायचा. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी घट्ट मोजा चढवायचा. आणि नाशिकला जाऊन तपासणी करायची, तिथं या शिरांवर इलाज होतो.

मी मान डोलावत होते. घरी पाणी कोण आणणार, हे त्या खोलीत विचारणार कुणाला?

मोजा चढवायला दोघी लागायच्या. मी ओढायचे, ती भिंतीला धरून कण्हायची. उकाड्यात आत घाम साचायचा आणि मोजा धुवायला पाणी नसायचं. नाशिकची तारीख मिळाली ती नेमकी भातलावणीत. कामाला गेलेला नवरा भिवंडीहून फोनवर ओरडला, "तिला घेऊन जा!" सासू म्हणाली, "रोप पिवळा पडेल. लावणी झाली का जाऊ." मी हात धरला, रडले, भांडले. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत ती मोजा न चढवताच चिखलात उतरली होती.

लावणी संपेस्तोवर घोट्याच्या वर जखम झाली होती. मग मात्र गेलो. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, इलाज होईल, पण पट्टी नेमानं बांधत राहा, दर आठवड्याला दाखवा. पावसात आमच्या वाटेवर जीप चढत नाही. म्हणून तिथल्या नर्सताईकडून मी पट्टी शिकून घेतली: बोटांपासून सुरू करून गुडघ्याच्या खालपर्यंत, खाली घट्ट, वर जरा सैल.

जखम थोडी भरते, पुन्हा उकलते. इलाज अजून व्हायचाच आहे. काल पट्टी बांधून, तिचा पाय नागलीच्या पोत्यावर ठेवून मी पाण्याला गेले. परत आले तर ती अंगणात उभी, वाकून झाडत होती.

"आई, पाय वर ठेवायला सांगितलंय ना?"

"ठेवला होता की," ती म्हणाली. "किती वेळ ठेवू?"

मी तिच्या हातातला झाडू काढून घेतला.