खुर्चीवरची घोंगडी

माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही गुरं राखत. कुणाच्या हाती हे कागद पडलेच तर चुका पोटात घाला. माणसं समोर असली की माझी जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून लिहून ठेवते. लिहायचं आहे ते आक्काताईबद्दल.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात झाडू-फरशीचं काम करते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. ठेकेदाराकडची नोकरी आहे, उद्या कुणाला राग यायचा. ग्रंथालयात खाली पुस्तकं देण्या-घेण्याची खिडकी आणि वर्तमानपत्रं, मधे संगणक, आणि सगळ्यात वर अभ्यासिका. सकाळी दार उघडलं की पोरं जिना चढून धावत सुटायची आणि एसटीच्या खिडकीतून टाकावा तसा रुमाल टाकून खुर्ची धरायची. कुणी बाटली ठेवायचं, कुणी फाटकी वही. मग दिवसभर त्यावरून भांडणं. "रुमाल माझा होता." "तुझं नाव हाय का त्यावर?"

आक्काताई कधी धावली नाही. ती सगळ्यांच्या मागून यायची. पाठीला सॅक, पायात जाड बूट, पहाटे मैदानावर पळून आलेली असायची म्हणून केस घामानं कपाळाला चिकटलेले. खिडकीजवळच्या शेवटच्या खुर्चीवर तिच्या काळ्या घोंगडीची लहानशी घडी पसरलेली असायची. तिच्यावर ती जाऊन बसायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एक पोरगा तिला म्हणाला, "काय आक्का, मेंढरं कुठं बांधलीस आज?"

"बांधतीय कशाला? ही काय, समदी रुमाल टाकून बसल्यात की. हाळी दिली की उठत्यात."

सगळी अभ्यासिका हसली. शांतता राखा अशी पाटी भिंतीवर होती, तिच्याखालीच हसली.

ती कवठे महांकाळकडची. वडील मेंढपाळ, अजूनही वर्षातले बरेच महिने कळप घेऊन फिरतीवर. घोंगडी त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीची. आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, घोंगडी अंथरली म्हणजे तिथं देव बसला. तिला कुणी पाय लावत नाही, ज्यानं अंथरली त्यानंच तिच्यावर बसायचं आणि त्यानंच ती उचलायची. संध्याकाळी टेबलांवर राहिलेले रुमाल, बाटल्या मी गोळा करून खालच्या पेटीत टाकायची. घोंगडी मात्र तिथंच राहायची. दुसऱ्याचा रुमाल बिनदिक्कत ढकलणारी पोरंसुद्धा त्या खुर्चीला वळसा घालून जायची.

तिला फौजदार व्हायचं होतं. इथूनच पदवी झाली होती, आणि माजी विद्यार्थी म्हणून कार्ड काढून ती परीक्षेचा अभ्यास करत होती. राहायला पत्र्याची खोली, चार पोरींत एक. बाकीच्या तिघी कारखान्यात पाळीनं कामाला, म्हणून खोलीत कुणी ना कुणी झोपलेलं, दिवा लावायची सोय नाही. "मावशी, माझ्या नशिबाला टेबल ह्यो एकच हाय," ती म्हणायची. दुपारी जिन्याखाली बसून आम्ही भाकरी खायचो. तिच्या डब्यात बाजरीची भाकरी आणि शेंगाची चटणी, इतकी तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. "रडू नगा, अजून निकाल लागला न्हाई," म्हणून ती मलाच चिडवायची.

परीक्षेची तारीख यायची आणि पुढं जायची. पोरं चिडायची, मोबाईल आपटायची. आक्काताई खिडकीतून बाहेर बघत म्हणायची, "आमच्याकडं ढग लय येत्यात. थांबत एक न्हाई." आणि पुन्हा पुस्तकात मान घालायची. तिला वाट बघण्याची सवय होती. पण त्या पदाला वयाची अट होती, आणि तिच्या हातात ही शेवटची परीक्षा उरली होती. हे मला तिनं एकदाच सांगितलं, तेही डबा पुसता पुसता.

मग नवे ग्रंथपाल साहेब आले, लांबच्या जिल्ह्यातले. माणूस वाईट नव्हता. मला "मावशी, जेवलात का" विचारायचे. पण वरून हुकूम आला. दारात मशीन बसलं. कार्ड टेकवायचं, हिरवा दिवा लागला तर आत. खुर्चीसुद्धा मोबाईलवरून मिळायची, जो नंबर येईल त्या खुर्चीवर बसायचं. रुमाल बंद. आणि माजी विद्यार्थ्यांची कार्डं बंद.

पहिल्या दिवशी आक्काताईनं कार्ड टेकवलं, लाल दिवा लागला. तिनं कार्ड पदराला पुसावं तसं ओढणीला पुसलं आणि पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल.

साहेब खाली आले. "आक्काताई, माझ्या हातात काही नाही हो. वरून आलंय."

"सायेब, मशिनीला सांगा की वळख हाय म्हणून."

"ते ऐकत नाही कुणाचं."

"मग तुमी तरी ऐका. परीक्षा हुस्तवर बसू द्या. कोपऱ्यात बसंन."

साहेब जिन्याकडे वळले. मी फडकं हातात घेऊन तिथंच उभी होते. मला म्हणायचं होतं की साहेब, एवढी एक पोरगी बसली तर काय बिघडतंय. मी वाकून मशीनखालची फरशी पुसायला लागले.

त्याच दुपारी साहेबांनी मला वर बोलावलं. सगळ्या खुर्च्यांवरचे रुमाल निघाले होते, तेवढी एक घोंगडी राहिली होती.

"मावशी, हे कसलं फडकं? उचला ते."

मी दोन्ही हात पदराखाली घेतले. एक पोरगा जागेवरूनच म्हणाला, "सर, ती घोंगडी आहे. ज्यानं अंथरली त्यानंच उचलायची असते."

"मग तिला सांगा येऊन उचलायला."

"तिचं कार्ड बंद केलंय ना, सर."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बघू," म्हणाले आणि खाली गेले. खाली जाऊन त्यांनी दाराबाहेर थांबलेल्या आक्काताईला सांगितलं, की घोंगडी न्यायला एकदा आत सोडतो. ती म्हणाली, "उचलली की जागा गेली, सायेब. ऱ्हाऊ द्या तितं. परीक्षा झाली की मीच यीन न्यायला." साहेबांनी जबरदस्ती केली नाही. स्वतःही ती उचलली नाही. कोण उचलणार?

मग विचित्रच झालं. मोबाईलवर ज्याला त्या खुर्चीचा नंबर यायचा तो मला दाखवायचा. "मावशी, आज मला आक्काची आली." आणि खिडकीच्या कट्ट्यावर पाय दुमडून बसायचा, पण खुर्चीवर बसायचा नाही. वर आक्काताईची जागा सगळ्यांनी राखली होती, आणि खाली आक्काताई सायकल स्टँडच्या कट्ट्यावर बसली होती. दोन्ही मी रोज बघायची. खुर्चीखालून झाडायची, घोंगडीला धक्का लागू द्यायची नाही, आणि मग खाली जाऊन तिची बाटली भरून द्यायची. मला जमलं ते एवढंच.

पोरं स्वतःच्या कार्डावर पुस्तकं काढून तिला द्यायची. जी पुस्तकं बाहेर नेता येत नाहीत त्यांच्या पानांचे फोटो काढून पाठवायची. उन्हात मोबाईलचा पडदा दिसत नसे, म्हणून ती डोक्यावर ओढणी घेऊन तंबू करून वाचायची. कुणी म्हणालं, "आक्का, डोळे जातील." तर म्हणायची, "जाऊ द्या. फौजदाराला काळा चष्मा शोभतो."

एकदा मी ठरवलं, साहेबांशी बोलायचंच. वाक्य पाठ केलं. केबिनच्या दारात गेले. साहेबांनी मान वर केली. "काय मावशी?"

मी म्हटलं, "पंखा पुसू का?"

मग पंखा पुसला. खाली आले तर तिनं माझं तोंड बघूनच ओळखलं. "बोलाय गेलावता न्हवं? आवं मावशी, कशाला जिवाला घोर? त्यो बी कुणाचं तरी मेंढरूच हाय."

तारीख पुन्हा पुढं गेली. किती पुढं ते ठरलंच नाही, आणि मधे तिच्या वयाची मुदत संपायचा दिवस येऊन गेला. कुणी तिला नापास केलं नाही. पेपर हातात पडलाच नाही. त्या दिवशी ती कट्ट्यावर पुस्तक न उघडता बसली होती. मी बाटली भरून नेली तर म्हणाली, "ह्यो बी ढग गेला, मावशी." मी तिच्याजवळ बसले.  सायकली येत होत्या, जात होत्या.

गावी जायच्या आधी ती ग्रंथालयाची अनामत मागायला आली. कार्ड काढताना सगळ्यांनाच ती भरावी लागते, आणि सोडून जाताना परत मिळते. त्यासाठी तिला आत सोडलं, गळ्यात पाहुण्याचा पास घालून. ती पुस्तकांच्या खिडकीशी थांबली नाही, सरळ वर गेली. मी मागोमाग गेले. अभ्यासिका भरलेली होती. ती खुर्चीजवळ गेली, वाकली, घोंगडीला हात लावून कपाळाला लावला आणि घोंगडी उचलली. झटकली तेव्हा धूळ उडाली. खालची लाकडी जागा बाकीच्या खुर्चीपेक्षा काळपट राहिली होती. कुणी मान वर केली नाही. सगळे वाचत असल्यासारखे बसले होते, पण एकाचंही पान उलटलं नाही. ती घडी काखेत मारून एवढंच म्हणाली, "बसा रं आता कुणी बी."

खालच्या खिडकीवरच्या बाईंनी संगणकात बघितलं. एकही पुस्तक तिच्या नावावर राहिलेलं नव्हतं, दंड नव्हता. सही घेतली, कार्ड ठेवून घेतलं. पैसे बँकेत जमा होतील म्हणाल्या, वेळ लागेल. दारापर्यंत मी गेले. आक्काताई माझ्या पाया पडली. मी तिला उठवलंसुद्धा नाही, इतकी मी गोंधळले.

पुष्कळ दिवसांनी तिचा फोन आला. मागं मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं. ती वडलांबरोबर फिरतीवर होती.

"मावशी, अनामत आली बघा बँकेत. समदी आली. येक रुपाया कापला न्हाई."

"बरं झालं गं," मी म्हटलं.

"व्हय. त्यांनी माझं काय बी ठिवून घेतलं न्हाई."