बर्फाच्या कप्प्यातली इंजेक्शनं

हे सुमनला माहीत नाही, मुलीला नाही, डॉक्टरांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — सांगून हलकं वाटेल, अशी आशाही आता उरलेली नाही.

मी रेल्वेतून रिटायर झालेला, पूर्णेतच राहिलेला माणूस. सुमन, माझी बायको, शाळेत शिकवायची. तिचं फळ्यावरचं अक्षर पुसणं पोरांच्या जिवावर यायचं. मग आमवातानं बोटं सुजली, खडू धरता येईना. गोळ्यांनी भागेना, तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी बायोसिमिलर इंजेक्शन सुचवलं — मूळ महागड्या औषधाच्याच तोडीचं, पण आमच्या आवाक्यातलं. आणि गुण आला हो! तिनं किती दिवसांनी भाकरी थापली. करपली होती, पण मी मागून घेऊन खाल्ली.

इंजेक्शनं आणायचं काम माझं. खेपा नकोत म्हणून उन्हाळ्याची सगळी एकदमच आणली. औषधवाल्यानं बजावलं होतं — फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको, गोठली की वाया गेली. मी ऐकलं नव्हतं का? ऐकलं होतं. पण वालूरला पुतणीचं लग्न निघालं, लाईट सारखी जायची, आणि मला वाटलं — जास्त गार तेवढं चांगलं. ऑटोत बसलेल्या सुमननं हाक मारली, "इंजेक्शनं नीट ठिवली का वो?"

"आता तू मला शिकवतेस?" — असा खेकसलो मी. सगळी खोकी बर्फाच्या कप्प्यात कोंबून आलो होतो.

परत आलो तर इंजेक्शनांचे दगड झालेले. सुमन पाय धूत होती, तेवढ्यात मी ती खालच्या कप्प्यात सरकवली. वितळल्यावर पाण्यासारखी स्वच्छ दिसत होती — कोणाला कळणार? फेकली असती तर चूक कबूल करावी लागली असती. गल्लीतली नर्स ती टोचत राहिली आणि दरवेळी कापसाचा बोळा मी धरला.

सूज परत आली. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "औषध गोठलं तर नव्हतं ना?" सुमन माझ्याकडेच बघत होती.

"छे हो, मी स्वतः ठेवली होती."

हे औषध लागू पडत नाही, असं ठरलं. डॉक्टर दुसरं सुरू करू म्हणाले, पण परतताना गाडीत सुमन म्हणाली, "आता न्हाई वो. माझ्या अंगालाच औषध मानवंना, त्याला कोन काय करनार?" तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं मला? मी खिडकीबाहेर बघत बसलो. तिनं पुन्हा इंजेक्शन घेतलंच नाही.

बोटं वाकडी झाली ती झालीच, आता सरळ होणार नाहीत. तिचे केस मी विंचरतो, ब्लाउजचे हूक मी लावतो, घास मी भरवतो. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देतात. ते ऐकून मला माझीच किळस येते.

आज सकाळी वेणी घालत होतो. ती म्हणाली, "माझ्या ह्या अंगापायी तुमाला लय तरास व्हायलाय. माफ करा मला."

मी वेणीला रबर लावलं आणि म्हणालो, "असू दे."