मंगलाताईंची केमिस्ट्री

बारावीत राहिलेल्यांना अकोल्यात केमिस्ट्री शिकवणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. ते वहीसोबतच क्लासात येतात! माझ्याकडचे निम्मे तर एकट्या मंगलाताईंचे. तेल्हाऱ्याच्या सूनबाई. लग्नाआधी केमिस्ट्रीत नापास, लग्नानंतर पुन्हा एकदा. फार्मसीला जायचं होतं आणि सगळं या एका विषयावर अडलं होतं. त्यात सासूबाईंनी बजावलेलं, "यंदाचं शेवटचं. मंग पुस्तकं रद्दीत!"

*

पहिल्या दिवशी मोल शिकवला. बारा नगांचा डझन, तसा सहावर तेवीस शून्यं एवढ्या कणांचा एक मोल.

पातूरच्या गजूनं हात वर केला. "सर, हे मोजले कोनं?"

"मोजले नाहीत रे, हिशेबानं काढले."

"मंग चुकले असतीन तं?"

मी तोंड उघडायच्या आत मंगलाताई मागे वळल्या. "तू मोजून पाय बापू. आमी तवर पुढचं शिकतो!"

*

मग आलं मोलर मास. एक मोल कार्बन, म्हणजे कोळसाच, बारा ग्रॅम; एक मोल ऑक्सिजन वायू बत्तीस.

गजू उसळलाच. "हवा कोयशाहून जड? सर, काटा बिघडला तुमचा!"

अणू, रेणू, सोळा अधिक सोळा... माझा घसा बसला, गजू ढिम्म. शेवटी ताई म्हणाल्या, "अरे, डझनभर संत्रं आन डझनभर बोरं. नग सारखे, पन वजन सारखं राहीन काय?"

गजूला लगेच पटलं. मला मात्र रागच आला. अर्धा तास मी काय करत होतो?

*

मोरचुदाचं गणित, म्हणजे कॉपर सल्फेट. त्याच्या स्फटिकात पाण्याचे पाच रेणू बसलेले असतात, तेही वजनात धरायचे. एका मोलचं उत्तर दोनशे साडेएकोणपन्नास ग्रॅम. ताईंचं आलं एकशे साडेएकोणसाठ!

"पाणी कुठं गेलं ताई?"

"कापलं ना! वल्ला कापूस नेला का व्यापारी पान्याचं वजन कापते. म्याबी कापलं."

"इथं नाही कापायचं. इथं पाण्याचंही वजन मिळतं."

ताईंनी उत्तर खोडलं. "असं हाय? मंग सर, तुमी मार्केटात काहून नाही बसत?"

*

तेल्हाऱ्याच्या एसटीतही त्यांची गणितं चालूच. एकदा गाव आलं, कंडक्टरनं घंटी मारून बस थांबवली, तरी बाई जागेवरच.

"ओ ताई, उतरता का नाही?"

"थांबा ना भाऊ, भागाकार चालू हाय!"

आणि बस थांबून राहिली, बरं का! उत्तर आल्यावरच पुढे गेली.

*

निकालाच्या दिवशी मलाच धाकधूक. ही बाई राहिली असती तर खडू हातात धरवला नसता. दुपारी फोन आला. "सर, निघाली केमिस्ट्री!" माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

"घरी सराव कोणी घेतला?" मी विचारलं.

"सासूबाईनं. पुस्तक धरून समोर बसत. चुकलं म्हनल्या का मी पुन्हा करो."

आता सासूबाईंना अक्षरओळख नाही, हे मला ठाऊक होतं. मी फोन त्यांना द्यायला सांगितला.

"आजी, चुकलं ते तुम्हाला कळायचं कसं?"

"मले काय समजते सर? उत्तर सांगतानी तिचा आवाज पडला, का मी म्हनो, चुकलं!"

"आणि आवाज नाही पडला तर?"

"तरी एकडाव चुकलंच म्हनो. पक्कं व्हाले पायजे ना!"