सारखे की वेगळे?

आमच्या साडूंनी आजवर कोणालाही 'कसे आहात?' असं विचारलेलं नाही, आणि तरीही अख्ख्या बीड जिल्ह्यात माणसांच्या तब्येतीची त्यांच्याइतकी पक्की खबर दुसऱ्या कोणाकडे नसेल. लिंबागणेशला सासुरवाडीत आम्ही दोघे जावई बरोबर पोचलो, तर मी रीतीप्रमाणे बाजेवर बसलेल्या मामांना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, प्रकृती विचारतो. साडू मामांकडे धड बघतही नाहीत. ते शेजारच्या भीमाला गाठतात आणि शेळ्यांची चौकशी करतात.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. मूळचे वडवणीचे हे गृहस्थ बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत क्वांटम संगणकाच्या चुका दुरुस्त करतात. संगणक अजून पुरता तयार नाही, चुका मात्र भरपूर तयार आहेत, त्यामुळे नोकरीला धोका नाही. नखाएवढ्या चकतीवर धातूची बारीक मंडलं, म्हणजे सर्किटं, कोरलेली असतात. ती एका खास फ्रीजमध्ये ठेवून इतकी गार करायची, की वीज त्यांतून कसल्याही अडथळ्याविना वाहते. त्यांत जी माहिती ठेवायची ती मात्र भलतीच लाजाळू. सरळ पाहिलं की बिघडते, आणि न पाहता सोडली तरी हळूहळू बिघडतेच. मग हे लोक ती माहिती अनेक मंडलांत मिळून पसरून ठेवतात आणि सारखं शेजाऱ्याशेजाऱ्यांना एवढंच विचारत राहतात, 'तुम्ही दोघे सारखे की वेगळे?' मूळ गोष्ट कोणी सांगायची नाही, कोणी ऐकायची नाही. वेगळेपणाच्या खुणा जिथे जमतील तिथे चूक. ती सुधारायची आणि पुढे जायचं. साडूंनी हे सगळं एकदा ओसरीवर बसून समजावून सांगितलं, तेव्हा मामी, म्हणजे आमच्या सासूबाई, म्हणाल्या, "येवढा गार फ्रीज हाय, अन् त्याच्यात दूध न्हाई ठिवीत?"

"न्हाई मामी," साडू गंभीरपणे म्हणाले, "दुधानं तो गरम होतो." त्या फ्रीजविषयीचं मामींचं मत त्या क्षणी कायमचं ठरलं.

हे शास्त्र साडू घराबाहेरही वापरतात. आष्टीला एका लग्नात आचाऱ्यानं त्यांना वरणात मीठ पडलंय का ते बघायला सांगितलं. स्वतः चव घेणं म्हणजे सरळ पाहणं. ते त्यांच्यात चालत नाही. त्यांनी वाढप्यांना जोडीजोडीनं पातेल्यांची चव घ्यायला लावली आणि विचारलं, "सारखं की वेगळं?" दोन पातेली सारखी निघाली, तिसरं वेगळं. साडूंनी तिसऱ्यात मीठ घालून ते इतरांसारखं केलं. पुढे कळलं, की पहिल्या दोन्हींत आचारी आणि त्याचा भाऊ, दोघांनीही एकमेकांना न सांगता मीठ टाकलं होतं. पंगतीला पाण्याचा टँकर पुरेना. "चुकणारे बहुमतात गेले की आमचं शास्त्र हात टेकतं," साडूंनी खुलासा केला. नवरदेवाचा चुलता म्हणाला, "शास्त्र ऱ्हाऊ द्या वो, आदी पाणी वाढा!"

गेल्या वर्षी वडवणीकरांनी त्यांचा जाहीर सत्कार ठरवला. फ्लेक्सवर प्रमुख पाहुण्या पुढाऱ्याचा फोटो दारापेक्षा मोठा होता, आणि सत्कारमूर्ती खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे. त्या दिवशी सकाळी आम्ही लिंबागणेशहून निघणार, तर साडू आपले भीमाजवळ उभे.

"मामांच्या शेळ्या अन् तुमच्या शेळ्या हल्ली संगंच येतात का?"

"कावून इचारता, पावनं? आदी संगंच यायच्या. आता म्हातारं मागं ऱ्हातंय. धोंड्यावर बसतंय घडीभर."

मग त्यांनी मामींना मामांच्या उशांबद्दल विचारलं. मामी म्हणाल्या, "आता दोन लागत्यात. आडवं झालं की दम लागतो म्हनं."

मी आदल्या दिवशीच मामांना प्रकृती विचारली होती. मामा ताठ बसून म्हणाले होते, "लई बेस हाय!" माझं पूर्ण समाधान झालं होतं. साडूंचा चेहरा मात्र उतरला. 'डॉक्टर' हा शब्द निघाला की मामा शेळ्या घेऊन माळावर निघून जातात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. साडू त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. "मामा, मला छाती तपासायला बीडला जायचंय. एकट्याला भ्या वाटतंय. संगं चलता का?"

मामांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "येवढं शिकलं, अन् डाक्टरला भितंय! चला."

जीपमध्ये बसता बसता साडू मला म्हणाले, "सत्कार तेवढा तुम्ही घेऊन या."

म्हणजे मंडपात जाऊन दिलगिरी सांगावी, असं मी समजलो होतो. पण मी तोंड उघडायच्या आत माझ्या डोक्यावर फेटा चढला, खांद्यावर शाल आली आणि हातात नारळ. पुढाऱ्यांनी माझा हात उंच धरून जाहीर केलं, की याच हातांनी क्वांटम संगणक घडवला असून लवकरच वडवणीचा प्रत्येक विहीरमालक त्यावर पाण्याची पातळी बघेल. टाळ्या झाल्या. हेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा टाळ्या झाल्या. फ्लेक्सवरचा फोटो आणि मी, सारखे की वेगळे, एवढं त्या गर्दीत एकानंही पाहिलं नाही.

फेटा डोक्यावर असतानाच फोन आला. साडूंनी बीडच्या डॉक्टरांना मामांबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता. "आमच्या दोघांच्या छातीचे आलेख काढा आणि सारखे की वेगळे तेवढं सांगा," एवढंच. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी धरले आणि मामांना टेबलावरून खाली उतरूच दिलं नाही. आणखी थोडे दिवस गेले असते, तर काही करता आलं नसतं म्हणे.

मामा बरे होऊन घरी आले. येणाऱ्याजाणाऱ्याला ते आजही तक्रारीच्या सुरात सांगतात, "मी पावन्याला सोबत म्हणून गेलतो, अन् मलाच धरून ठिवलं."

यंदा उन्हाळ्यात मी लिंबागणेशला असताना साडूंना फोन केला. 'कसं काय?' ला 'मजेत' असं उत्तर आलं, आणि मी सवयीनं समाधान मानणार होतो. मग काय वाटलं कोण जाणे, मेहुणीला फोन लावून विचारलं, "तुमच्या दोघांचे चहाचे कप सारखेच रिकामे होतात का?"

 ती म्हणाली, "नाही, दाजी. त्यांचा निवून जातो."

प्रयोगशाळेतला फ्रीज बिघडून गरम झाला होता आणि कित्येक महिने खपून केलेलं काम त्यात वाया गेलं होतं. तेव्हापासून हा माणूस खिडकीशी बसून होता. काय झालं विचारलं, तर 'काही नाही.'

फोन स्पीकरवर होता, आणि मामा बाजेवरून सगळं ऐकत होते. "द्या हिकडं फोन. अन् त्यास्नी लावून द्या," ते म्हणाले. साडूंचा आवाज आल्यावर त्यांनी हाल, खुशाली काही काढलं नाही. "पावनं, मला छाती दाखवाया बीडला जायचं हाय. एकट्याला भ्या वाटतंय. येता का संगं?"

मामांच्या तपासणीला अजून बराच अवकाश होता, आणि हे साडूंना आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. तरी ते आले.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते मामांबरोबर शेळ्यांमागे माळावर गेले आणि ऊन कलल्यावर परतले. काय बोलले, बोलले की नाही, मी विचारलं नाही. मामींनी ओसरीवर दोघांना चहा दिला. थोड्या वेळानं कप उचलायला म्हणून मी गेलो आणि उगाच जरा वाकून पाहिलं. दोन्ही सारखेच रिकामे होते.