शेवटचं पान नसतानाही

विल्मा कॉर्डिनर वर्गाकडे येताना दिसली की पोर्टगार्वीच्या शाळेतली पोरं एकमेकांना ढोसून सांगायची, "आली रे, 'कशावरून' आली." एकतीस वर्षं ती आमच्या बंदराच्या वरच्या टेकडीवरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होती, आणि या एकतीस वर्षांत तिनं जितक्या वेळा "कशावरून?" विचारलं असेल तितक्या वेळा चर्चमध्ये कुणी आमेन म्हटलं नसेल. गोष्टीतला माणूस उदास आहे असं पोरगं म्हणालं की हिचं आलंच, कशावरून? "मिस, तसं वाटतं." "वाटायला काय, मला रोज सकाळी वाटतं मी सडपातळ आहे. कशावरून ते सांग."

हे तिला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. तिची आई जेसी धक्क्यावर हेरिंग मासळी साफ करणाऱ्या बायकांतली, बोटांना चिंध्या गुंडाळून सुरी चालवणारी. शाळा जेमतेम पाच वर्षं. पण खिडकीत उभी राहून बंदरातून वर येणाऱ्या माणसांकडे बघत ती सांगायची की अमक्याच्या बोटीला आज मासळी मिळालेली नाही, तमक्याचं भावाशी वाजलंय. लहानगी विल्मा विचारायची, "तुला गं कसं कळतं?" जेसी म्हणायची, "दोघं भाऊ रोज बरोबर चढ चढतात. आज एक पुढं, एक मागं, आणि पुढचा एकदाही वळून बघत नाही. डोळे दिलेत ना तुला?"

विल्मा वर्गात हेच शिकवायची, फक्त खिडकीच्या जागी पुस्तक असायचं.

२००४ सालच्या जानेवारीत बारा वर्षांच्या मुलांचा वर्ग तिच्याकडे होता. तिनं फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: 'तिनं दोन कप काढले आणि एक परत कपाटात ठेवला.'

"काय झालंय?"

"नवरा मेला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"कशावरून?"

"मग... भांडण झालं."

"अंधारात दगड मारू नकोस. वाक्यात काय आहे ते बघ."

रोरी नावाचं एक वात्रट पोरगं म्हणालं, "मिस, कप फुटका असेल." वर्ग हसला. विल्मा हसली नाही. "बरं, फुटका धरू. फुटका कप तुझी आई कपाटात परत ठेवते?" रोरीनं विचार केला आणि मान हलवली. "नाही मिस. कचऱ्यात."

"मग तुझं उत्तर वाक्यानंच खोडलं. पण विचार केलास, बस."

तेवढ्यात खिडकीजवळून मॉरवेन टेट बोलली. ती आठवड्यातून एखाददा बोलायची. "तिला दोन काढायची सवय आहे, मिस. हातांना अजून कळलेलं नाही. म्हणजे दुसरं माणूस जाऊन फार दिवस झालेले नाहीत."

विल्मानं खडू खाली ठेवला. मग म्हणाली, "ऐकलंत? वाक्यात 'सवय' हा शब्द नाही. तो मॉरवेननं तिच्याकडचा आणला. पण आणून बसवला कुठं, तर वाक्यात जिथं बसतो तिथंच. याला म्हणतात वाचणं."

मार्चमध्ये चाचणी झाली. शाळा चालवणाऱ्या कौन्सिलनं त्या वर्षीपासून एडिंबरातल्या एका कंपनीकडून पेपर घ्यायला सुरुवात केली होती. पेपर तिकडून यायचे, तपासायलाही तिकडंच जायचे, आणि आलेल्या आकड्यांवरून पुढच्या वर्षी कुठलं पोर पहिल्या तुकडीत आणि कुठलं तिसऱ्या तुकडीत ते ठरायचं. तिसरी तुकडी म्हणजे वर्षभर गाळलेल्या जागा भरा. अख्खी गोष्ट त्यांच्या हाती द्यायचीच नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचायला देऊ नये, असा हा शहाणपणा.

मे महिन्यात उत्तरपत्रिका परत आल्या. विल्मा स्टाफरूममध्ये चहा आणि बटरी, म्हणजे आमच्याकडचा लोण्याचा चपटा पाव, घेऊन बसली होती. मॉरवेनचा पेपर उघडला आणि बटरी तशीच बशीत राहिली.

पेपरात एका छोट्या गोष्टीतला उतारा होता. एक कोळी रविवारी सकाळी मुलीला घेऊन आपल्या बोटीवर जातो. सगळी बोट घासून धुतो. सुकाणूच्या खोलीतली किटली आणि भिंतीवरचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवतो. मग नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा, नंबर खरवडून काढतो. "झालं हिचं," असं म्हणतो आणि थंडी असूनही परत येताना मुलीला आइस्क्रीम घेऊन देतो. प्रश्न चार मार्कांचा: वडिलांच्या मनात काय चाललं आहे? उताऱ्यातला आधार द्या.

मॉरवेननं लिहिलं होतं: 'तो बोटीचा निरोप घेतो आहे. बोट समुद्रावर जाणार असेल तर नंबर कुणी खरवडत नाही, नंबराशिवाय बोट बंदराबाहेर जाऊ शकत नाही. किटली घरी आणतात ती परत जायचं नसतं तेव्हाच. बोट मोडीत जाणार आहे. तरी तो ती धुतो, कारण घाणेरडी पाठवायला त्याला लाज वाटते. मुलीनं काही विचारू नये म्हणून तो आइस्क्रीम घेतो.'

त्यावर लाल शून्य होतं. शेजारी छापील शेरा: 'उत्तराला उताऱ्यात आधार नाही. विद्यार्थिनीने स्वतःचा अनुभव वापरला आहे.' उत्तरसूचीत बरोबर उत्तर होतं: वडिलांना बोटीचा अभिमान आहे, ते आनंदात आहेत, नव्या हंगामाची तयारी करत आहेत.

"अनुभव वापरला!" विल्मा एवढ्या मोठ्यानं म्हणाली की गणिताच्या मास्तरांनी दचकून चहा सांडला. "मग काय वापरायचं पोरीनं? शेजारणीचा?"

ती तशीच हेडमास्तर गिल्क्रिस्टच्या खोलीत गेली. गिल्क्रिस्ट भला माणूस होता. भल्या माणसांना भांडण नको असतं, एवढाच त्याचा दोष.

"विल्मा, बसा तरी. एक प्रश्न आहे, चार मार्क."

"दोन मार्कांनी पोरगी तिसऱ्या तुकडीत जाते आहे."

"समजा आपण तक्रार केली. उद्या पन्नास पालक येतील." त्यानं आवाज खाली आणला. "आणि तिच्या वडिलांची बोट गेल्याच वर्षी मोडीत गेली ना? मुलगी हळवी झाली असणार. भावनेच्या भरात लिहिलं असेल."

"भावनेच्या भरात?" विल्मानं कागद त्याच्यापुढं आपटला. "नंबर, किटली, साबणपाणी, आइस्क्रीम. एकेक वस्तू मोजून लिहिली आहे तिनं. भावनेच्या भरात कुणी लिहिलं असेल तर त्या उत्तरसूचीवाल्यानं! बोट दिसली की याला आनंदच दिसतो. बोट म्हणजे काय ते हिला माहीत आहे, म्हणून ही चूक, आणि ज्याला माहीत नाही तो बरोबर. हा कुठला न्याय?"

"मी पत्र लिहितो," गिल्क्रिस्ट म्हणाला.

"तुम्ही लिहू नका. तुम्ही 'क्षमस्व'नं सुरुवात कराल. मी लिहिते."

पालकसभेला मॉरवेनचा बाप आला, डेव्ही टेट. विल्मानं त्यालाही शिकवलं होतं, पंचवीस वर्षांपूर्वी. आता तो मासळीच्या शीतगृहात खोकी उचलणारी गाडी चालवत होता. त्याची बोट सरकारच्या योजनेत गेली होती. समुद्रात मासे कमी आणि बोटी जास्त, म्हणून बोटी मोडा. त्या वर्षी आमच्या बंदरातल्या सात बोटी तशा गेल्या.

"बस, डेव्ही."

"उभाच बरा, मिस." तो टोपी हातात फिरवत होता. "नापास झाली का?"

विल्मानं उत्तरपत्रिका त्याच्यापुढं ठेवली. तो वाचायला लागला. ओळीखाली बोट धरून, लहानपणी वाचायचा तसाच. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं आणि तिथंच राहिलं.

"हे तिनं लिहिलं?"

"तिनंच."

"मी तिला म्हटलं होतं, बोटीची जरा साफसफाई करून येऊ." तो खुर्चीत बसला. "येताना सायकलची घंटी घेऊन दिली. निळी. केवढी खूश झाली होती. म्हणजे मला वाटलं खूश झाली." त्यानं बोट पुन्हा त्याच ओळीवर ठेवलं. "तिला तेव्हाच कळलं होतं. वर्ष झालं, मिस, आणि एकदा शब्दानं बोलली नाही."

विल्मानं त्याला रुमाल देऊ केला. तो त्यानं घेतला नाही. बाहीनंच चेहरा पुसला. मग त्याचं लक्ष लाल शून्याकडं गेलं.

"हे चूक आहे असं कुणी ठरवलं?"

"एडिंबरात."

"हं," डेव्ही म्हणाला. "आमचं सगळं तिकडंच ठरतं."

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी विल्माच्या डोक्यात आलं की उताऱ्याच्या तळाशी बारीक अक्षरात कथासंग्रहाचं नाव आहे. पुस्तक वीस वर्षांपूर्वीचं, बाजारात नाही. गावच्या ग्रंथालयातल्या आयसोबेलनं अॅबर्डीनहून ते आठ दिवसांत मागवून दिलं. विल्मानं ते काउंटरवरच उघडलं. गोष्ट पेपरातल्यापेक्षा एक पान लांब होती. त्या पानावर दुसरा दिवस होता. भरतीला बोट वाळूवर ओढून आणलेली, यंत्राचा लोखंडी जबडा तिच्या पाठीवर बसलेला, आणि बाप पाठ फिरवून उभा, मुलीच्या कानांवर हात ठेवून.

पेपर एका पानात बसावा म्हणून कंपनीनं ते पान कापलं होतं. आणि उत्तरसूची लिहिणाऱ्यानं कापलेलाच उतारा वाचला होता.

आयसोबेल म्हणाली, "चला, सुटलीस. आता पुरावाच मिळाला."

"पुरावा कसला?" विल्मानं पुस्तक खाडकन मिटलं. "त्या पोरीला पुरावा लागला नाही. शेवटचं पान नसतानाही तिनं ते वाचलं. मी आयुष्यभर पोरांना हेच करायला सांगत आले, आणि जिनं केलं तिला शून्य!"

तिनं पानाची नक्कल जोडून पत्र पाठवलं. तीन आठवडे उत्तर नाही. मग तिनं फोन केला. पलीकडं एक तरुण, अतिशय नम्र आवाज.

"मॅडम, उत्तरसूची दिलेल्या उताऱ्यावरच आधारलेली असते."

"उतारा कुणी दिला?"

"आम्हीच."

"आणि पान कुणी कापलं?"

"ते... जागेच्या दृष्टीनं करावं लागतं."

"बरं. पान बाजूला ठेवा. उताऱ्यातच विचारते. हंगामाची तयारी करणारा माणूस नाळेवरचा नंबर का खरवडेल?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "नव्यानं रंगवायला असेल, मॅडम."

"आणि किटली? तीही रंगवायला नेली?"

पुन्हा कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "तुमचा मुद्दा नोंदवून घेतो. पण फेरतपासणीची मुदत सात जूनला संपली."

"माझं पत्र वीस मेला आलंय तुमच्याकडं!"

"ते पत्राच्या स्वरूपात आलं, मॅडम. फॉर्म भरून यायला हवं होतं."

विल्मानं फोन ठेवला तो इतक्या जोरानं की दुसऱ्या दिवशी त्याला चिकटपट्टी लावावी लागली.

शून्य काही बदललं नाही. ऑगस्टमध्ये याद्या लागल्या. मॉरवेन टेट, तिसरी तुकडी. विल्मा पुन्हा गिल्क्रिस्टच्या खोलीत गेली. तो बिचारा आधीच खुर्चीत मागं सरकला.

"मला तिसरी तुकडी द्या."

"तुम्हाला? विल्मा, पहिली तुकडी कायम तुमची."

"त्यांना उत्तरसूची पुरेल. मला तिसरी द्या."

तिसरी कुणालाच नको असायची, त्यामुळं नाही म्हणायला त्याच्याकडं कारणच नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं गाळलेल्या जागांचा गठ्ठा कपाटावर फेकला आणि तीच गोष्ट वाटली, शेवटचं पान काढून. अठरा पोरं होती. तेरा घरं अशी, की ज्यांचं कुणी ना कुणी बोटीवर होतं. वर्गात नुसता गलका झाला. रोरीही तिथंच होता. तो बाकावर उभाच राहिला. "अरे नंबर काढला म्हणजे संपलंच की! माझ्या आजोबांनी तो नंबराचा पत्राच कापून आणला, आमच्या न्हाणीघरात टांगलाय!"

"कशावरून संपलं? पत्र्याचं राहू दे, कागदावरचं दाखव," विल्मा म्हणाली, आणि अठराच्या अठरा डोकी कागदावर वाकली. अर्ध्या तासात त्यांनी जे काढलं त्यात एक गोष्ट अशी होती जी मॉरवेनलाही सुचली नव्हती: बाप 'झालं हिचं' म्हणतो, 'झालं' एवढंच म्हणत नाही, म्हणजे काम नाही, बोटच संपली. मग तिनं शेवटचं पान वाचून दाखवलं. कुणी "बघा, बरोबर होतो आम्ही" असं म्हणालं नाही. बोटी मोडताना सगळ्यांनी पाहिल्या होत्या.

पुढच्या मार्चमध्ये नवा पेपर आला. विल्मानं पाकीट फोडलं आणि आधी गोष्ट शोधली. बोटीची गोष्ट गायब होती. तिच्या जागी हरवलेल्या कुत्र्याची गोष्ट, कुत्रा तिसऱ्या परिच्छेदात सापडतो आणि सगळे आनंदात असतात. सूचनापत्रात चुकीबद्दल एक अक्षर नव्हतं. शून्य मिळालं तेव्हा आली नव्हती एवढी चीड तिला तेव्हा आली. चूक कबूल करायला नको म्हणून यांनी गोष्टच काढून टाकली, उद्या बंदर काढून टाकतील.

मॉरवेनला त्या पेपरात पूर्ण मार्क पडले आणि ती पहिल्या तुकडीत गेली. विल्मानं अभिनंदन केलं तेव्हा ती खांदे उडवून म्हणाली, "त्यात काय मिस, कुत्र्याच्या गोष्टीत ताडण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं."

विल्मा आणखी दोन वर्षं शिकवून निवृत्त झाली, आणि दोन्ही वर्षं तिनं तिसरीच तुकडी मागून घेतली. दर जूनमध्ये, मुदतीच्या आत, ती कंपनीला फेरतपासणीचे अर्ज पाठवायची. या खेपेला फॉर्मवरच, एकेका पोरासाठी वेगळा. पहिल्या वर्षी अकरा पाठवले, त्यातले दोन मान्य झाले. दुसऱ्या वर्षी चौदा. ते सगळे भरायला डेव्ही टेट संध्याकाळी कामावरून सुटून शाळेत यायचा, कारण त्याचं अक्षर चांगलं होतं.