टाकीवाला उंबऱ्याबाहेर

मुंबईत कुणीतरी झोपलेल्या माणसांच्या डोक्यात घाव घालून मारत होता, त्या वर्षी साताऱ्यात आम्ही भरदिवसा दारांना कड्या घालत होतो. नेमका तेव्हाच पाटे-जात्यांना टाकी लावणारा जतकडचा माणूस आळीत आला. खांद्यावर घोंगडं, आणि हातात हातोडा!

एरवी तो स्वयंपाकघरात बसून छिन्नीने पाट्याला खाचा पाडायचा. आता त्याला कुणी उंबरा ओलांडू देईना. पण गुळगुळीत पाट्यावर चटणी वाटली जात नाही. म्हणून आम्ही पाटे रस्त्यावर आणून ठेवले आणि भोवती पहाऱ्याला उभ्या राहिलो.

"डोळे बघा मेल्याचे! हवालदाराला बोलवायचं का?" शेजारच्या काकू कुजबुजल्या. दगडाची कपची उडेल म्हणून त्याने डोळे बारीक केले होते.

प्रत्येक पाट्यावर तो फुंकर मारी, तळवा फिरवी, मगच पुढचा घेई. मान वर न करता म्हणाला, "आक्का, त्यो झोपल्याल्यास्नी मारतोय म्हनं. तुमी तर समद्या टक्क जाग्या हायसा."



टाकीवाला पुन्हा आला, तोवर मुंबईत एकाला पकडल्याचं छापून आलं होतं. मी मोठ्या मनाने दार उघडलं. "या आत. सापडला तो."

"नगं आक्का, पाटा भाईरच आना. आत बसलो, आन उद्या कळलं पकडल्याला त्यो न्हवंच, तर काकी हवालदाराला बोलावत्याल."

मी पाटा बाहेर नेला. आळीतली सगळी दारं दिसतील असा तो भिंतीला पाठ लावून बसला आणि मगच त्याने हातोडा उचलला.